पोळ्याचं आवतन

वर्ध्याबाहेर नालवाडीच्या पुढे, जिथे घरं संपून वावरं सुरू होत, तिथे आमची संस्था होती. फाटकावरच्या पाटीवर ‘निराधार प्रौढांचे निवासस्थान’ असं ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं; पण स्टेशनवरच्या सायकलरिक्षावाल्याला ते सांगून काही उपयोग नसे. ‘पागलखाना’ म्हटलं की तो बरोबर आणून सोडायचा. मी नोकरीवर रुजू झाले त्या दिवशीही तसंच झालं आणि उतरल्या उतरल्या मी त्याच्याशी भांडले. त्यानं सगळं ऐकून घेतलं, गमछ्यानं तोंड पुसलं आणि म्हणाला, "बाई, मले काय वाचता येते?" तरी आत जाईपर्यंत मी धुसफुसतच होते.

सत्तरच्या दशकाचा मध्य असेल तो. वडील वर्ध्यालाच कचेरीत कारकून होते. मोठ्या बहिणीसारखी मीही मास्तरीण व्हावं ही त्यांची इच्छा, पण मी नागपूरला जाऊन नर्सिंग केलं, काही वर्षं दवाखान्यात काढली आणि मग इथे आले. माझ्या हाताखाली पाच-सहा बाया आणि दोन-तीन गडी. सगळे आसपासच्या खेड्यांतले. शिकलेलं कोणी नव्हतं, पण अंगमेहनतीला कोणी हटायचं नाही. मला सगळे ‘बाई’ म्हणत आणि मागून आणखी काहीतरी म्हणत असणार, कारण माझी जीभ तेव्हाही तिखट होती.

आमच्याकडे राहणारे सगळे मोठे होते. कोणी जन्मापासून मंद, कोणाला मिरगी, कोणाचं एक अंग लुळं, आणि काही नुसतेच म्हातारे, ज्यांच्या मागे कोणी उरलं नव्हतं. सकाळी उठलं की आधी अंथरुणं चाचपायची. ओली असतील ती काढून हौदाजवळ टाकायची, माणसाला पुसून कोरडं करायचं, मग अंघोळी. ज्यांना हलता येत नसे त्यांना दिवसभर या कुशीवरून त्या कुशीवर वळवत राहायचं आणि पाठीला स्पिरिट चोळून पावडर लावायची. पाठीला जखम झालेली मला खपत नसे. कोणाच्या माकडहाडावर नुसता लाल डाग दिसला तरी त्या पाळीच्या माणसाची मी सगळ्यांदेखत खरडपट्टी काढायची. मग दोन दिवस माझ्याशी कोणी धड बोलत नसे, पण डाग मात्र नाहीसा होई.

माझ्या माणसांत सगळ्यात जुनी होती मावशी. केळझरकडची, तरुणपणीच विधवा झालेली, हाडापेरानं मजबूत. लुळ्या माणसाला काखेत हात घालून एकटी उठवून बसवायची. तिची सगळ्यांवर माया होती आणि त्या मायेत सगळे तिची लेकरं होते. साठीच्या म्हाताऱ्यालाही ती "खाय माह्या राजा" म्हणून घास भरवायची. मला ते बघवत नसे. पहिल्याच आठवड्यात मी सगळ्यांना व्हरांड्यात बसवलं आणि सांगून टाकलं, "इथे कोणी लेकरू नाही. ही मोठी माणसं आहेत. यापुढे सगळ्यांना अहो-जाहो करायचं."

मावशी म्हणाली, "बाई, मी माह्या बापाले तू म्हनत होतो. मंग तो काय लहान झाला?"

"बापाला काय म्हणायचं ते घरी. इथे तुम्ही म्हणायचं."

आठवडाभर सगळे तोंडं आंबट करून ‘तुम्ही, तुम्ही’ करत राहिले. त्याचा परिणाम असा झाला की तिथे राहणाऱ्यांतली एक बाई जेवेचना. मावशी आपल्यावर रागावली, म्हणून परक्यासारखं बोलते, असं तिनं मनाला लावून घेतलं होतं. शेवटी तह झाला. तू म्हटलं तरी चालेल, पण लेकरू, पोट्टा, बाबू असं काही म्हणायचं नाही. मी स्वतः मात्र तुम्हीच म्हणत राहिले आणि आता लिहितानाही माझ्याच्यानं दुसरं काही लिहवणार नाही.

आता दादांबद्दल. ते आर्वीकडच्या रोहणा गावचे. चाळिशी ओलांडलेली, उंच, मिश्या अर्ध्या पांढऱ्या, डोक्यावर कायम टोपी. जन्मापासून मंद, बोलणं मोजकंच, आणि अधूनमधून फिट येत असे. घरची शेती होती, बैल होते. वडील होते तोवर त्यांनी या थोरल्या मुलाला कधी नजरेआड होऊ दिलं नाही. वावरात जाताना बरोबर, बाजारात जाताना बरोबर, आणि पोळ्याला गावच्या तोरणाखाली बैल नेताना एका बैलाचा कासरा यांच्या हातात. वडील गेले आणि दोनेक वर्षांत धाकट्या भावानं यांना आमच्याकडे आणलं. विहिरीच्या काठाशी यांना फिट आली होती, थोडक्यात वाचले होते. भाऊ दिवसभर वावरात, घरी त्याची बायको आणि दोन लहान पोरं. तो त्यांना ‘दादा’ म्हणत होता, म्हणून आम्हीही दादा म्हणू लागलो. दर दिवाळीला तो एक धोतर आणि डबाभर चिवडा घेऊन यायचा, जमिनीकडे बघत थोडा वेळ बसायचा आणि निघून जायचा.

एरवी दादांचा काही त्रास नव्हता. झाडांना पाणी घालायचे, आपलं ताट आपण घासायचे, ज्यांना चालता येत नाही त्यांना हाताला धरून पंगतीला आणायचे. त्रास व्हायचा तो पोळ्याला.

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते. जू ओढून ओढून दुखलेले बैलांचे खांदे गरम पाण्यानं शेकतात, हळद-तूप चोळतात आणि मग हात जोडून बैलांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतन देतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." ज्याच्या जिवावर वर्षभर खायचं त्याला रीतसर बोलवायचं, अशी रीत. आमच्या फाटकासमोरूनच लोक बैल धुवायला नाल्यावर न्यायचे. घंटांचा आवाज आला की दादा उठायचे, धुतलेलं धोतर नेसायचे, टोपी नीट करायचे आणि फाटकाजवळच्या मोठ्या दगडावर जाऊन बसायचे. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला त्यांचा एकच प्रश्न, "आवतन आलं काय?"

तो दिवस जायचा, पोळ्याचा दिवस जायचा, बैल तोरणाखालून सुटून घरोघर ओवाळून घ्यायला निघायचे, तरी हे दगडावरच. मग अन्न बंद. डोळ्याला डोळा नाही. आणि पोट रिकामं, झोप नाही, त्यात गोळ्या थुंकून टाकायचे, की फिट सुरू. मी आल्यावरच्या पहिल्या पोळ्याला त्यांना एकीमागून एक अशा फिट आल्या की जीभ चावली गेली, डोकं फरशीवर आपटलं आणि दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "सिस्टर, या वेळी थांबल्या. असं दरवर्षी होऊ लागलं तर एखाद्या वेळी थांबणार नाहीत." मी भ्याले. मला तोवर वाटत होतं, की फिट कशा सांभाळायच्या ते मला येतं.

पुढच्या वर्षी पोळा जवळ आला तशी मी सगळ्यांना बसवून विचारलं, काय करायचं? मावशीचं उत्तर तयार होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो. लहान पोरं चाकांचे लाकडी बैल सजवून मिरवतात, घरोघर खाऊ मिळवतात. "त्याले एक लाकडाचा बैल देऊ," मावशी म्हणाली, "वस्तीतल्या पोराईसंगं जाईन, खुश होऊन वापस येईन."

मी भडकले. मिश्या पिकलेल्या माणसाला चाकाचा बैल देऊन पोरांच्या रांगेत उभं करायचं? मावशीही काही कमी नव्हती. "मंग खरा बैल आना बाई इथं!" म्हणाली. आणि माझं न ऐकता तिनं बाजारातून बैल आणलाच. चांगला हातभर लांब, पांढरा, शिंगांना बेगड लावलेला.

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी तिनं तो दादांच्या पुढ्यात ठेवला. आम्ही सगळे बघत उभे. दादांनी बैल उचलला, चाकं फिरवून पाहिली, मग त्याच्या तोंडात बोट घालून दात शोधले. बाजारात बैल घेताना वय बघतात तसे. दात नव्हतेच. ते फाटकाबाहेर गेले आणि तिथे जमलेल्या पोरांतल्या एका शेंबड्या पोरीच्या हातात बैल देऊन म्हणाले, "घे माय." परत येऊन दगडावर बसले. मी मावशीकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. पण संध्याकाळी फिट आली ती आलीच, आणि आम्ही दोघींनी मिळून त्यांना कुशीवर धरलं तेव्हा माझी मुद्रा काही विजयी राहिली नव्हती.

तिसऱ्या वर्षी मी ठरवलं की आता बस झालं, थेट रोहण्याला जायचं. पुलगावपर्यंत मोठी गाडी आणि तिथून आर्वीकडे जाणारी अरुंद रुळांवरची छोटी गाडी, जी इतकी निवांत चालायची की उतरून लघवीला जाऊन परत चढणारे लोक मी डोळ्यांनी पाहिलेत. भाऊ अंगणात दोर वळत बसला होता. बायकोनं चहा दिला. मी घाव घातल्यासारखं बोलून टाकलं की पोळ्याला मी दादांना इथे आणते, तुम्ही एक दिवस सांभाळून घ्या.

त्यानं दोराला आणखी एक पीळ दिला. मग म्हणाला, "मी काई नाई म्हनत नाई. पन तोरनाखाली बैल बुजले आन त्याले फिट आली त?"

"कासरा तुम्ही धरा. त्यांनी नुसता हात लावायचा. मी शेजारी उभी राहीन."

"आनाचं असन त आना," तो म्हणाला.

एवढं पुरे होतं मला. परत येताना छोटी गाडीसुद्धा बरी वाटली. पोळ्याच्या पहाटे दादांची अंघोळ, दाढी, नवी टोपी, सगळं झालं. रिक्षा फाटकाशी उभी. मावशीनं शिदोरी बांधून दिली होती. मी म्हटलं, "चला दादा, रोहण्याला जायचं."

दादा दगडावरून उठेनात. "आवतन नाई आलं," म्हणाले.

"आलं ना! मी स्वतः गेले होते. तुमचा भाऊ म्हणाला, घेऊन या."

"तुले सांगतलं," दादा म्हणाले. "मले नाई."

मी समजावलं, गोंजारलं, शेवटी ओरडले. एका गड्यानं दंडाला धरून उठवायला पाहिलं, तर ज्या माणसानं कधी कोणाला धक्का मारला नव्हता त्यानं त्याला असा ढकलला की तो रिक्षावर जाऊन आदळला. रिक्षावाला वैतागून निघून गेला. मी व्हरांड्याच्या पायरीवर जाऊन बसले आणि तिथे बसल्या बसल्या मला माझे वडील आठवले. सख्ख्या भाच्याच्या लग्नाला ते गेले नव्हते. पत्रिका टपालानं आली होती, पण घरी येऊन अक्षत कोणी दिली नव्हती. आईनं परोपरीनं विनवलं. वडील इस्त्रीचा कोट घालून दिवसभर घरातच बसून राहिले, पण गेले नाहीत. आमच्या घरी याचा सगळ्यांना अभिमान होता. मलाही होता. मी दगडाकडे पाहिलं. नवी टोपी घालून दादा तसेच ताठ बसले होते आणि मला हसू यायला लागलं. थोड्या वेळानं रडूही आलं. त्या वर्षीच्या फिट सगळ्यांत वाईट होत्या. एक तर इतकी लांबली की मावशीनं देव पाण्यात घातले आणि मी घड्याळाकडे बघायचं सोडून दिलं.

दिवाळीला भाऊ धोतर आणि चिवडा घेऊन आला. मी त्याला बाहेर नेलं आणि उभ्या उभ्याच सांगितलं, "पुढच्या खांदशेकणीला तुम्ही इथे यायचं आणि त्यांना स्वतः आवतन द्यायचं. नाहीतर कधी ना कधी त्यांची बातमी घेऊन माझा माणूस तुमच्याकडे येईल."

"खांदशेकनीले?" तो दचकला. "बाई, त्या दिवशी कास्तकार बैल सोडून गावाले जाते काय? लोक काय म्हनतीन?"

"लोकांचं मला सांगू नका."

तो टोपी काढून हातात फिरवत राहिला. मग खाली बघतच बोलू लागला, आणि इतक्या वर्षांत इतकं सलग तो पहिल्यांदाच बोलला. "आवतन द्याले मी येईन बाई. तो येईन बी. पन मंग वापस कोन आनीन? एक डाव आनलं ना मी. पुलगावपासून इथपर्यंत माह्या हात धरून होता. त्याले वाटलं, बैलाच्या बाजारात चाल्लो. इथं हात सोडवताना माह्यी काय गत झाली ते मले ठाऊक. दुसऱ्यांदा नाई होत माह्याच्यानं."

तो खाली का बघतो ते मला त्या दिवशी कळलं. मी म्हटलं, "परत आणायला मी येईन. मावशीही येईल. तुम्ही फक्त फाटकापर्यंत या. बाकी सगळं आमचं काम."

"पाह्यतो," तो म्हणाला आणि टोपी घालून निघाला.

आमच्या भागात ‘पाह्यतो’ म्हणजे नाही. ज्याला यायचं असतं तो ‘येतो’ म्हणतो. मी मावशीला तसं सांगितलं तर ती म्हणाली, "त्याच्या जिवाचं त्याले ठाऊक, बाई. तुमी काऊन आत्ताच हाय खाता?" पण तिचाही चेहरा उतरला होता.

वर्ष गेलं. पुढच्या खांदशेकणीच्या आधी आम्ही सगळी तयारी केली, म्हणजे फिटची. डॉक्टरांकडून गोळ्यांचं प्रमाण वाढवून आणलं, दादांची खाट भिंतीपासून सरकवून खाली गाद्या अंथरल्या, पाळ्या अशा लावल्या की दोन माणसं सतत जवळ असावीत. सकाळी नाल्याकडून घंटा वाजू लागल्या आणि दादा धुतलेलं धोतर नेसून दगडावर जाऊन बसले. "आवतन आलं काय?" त्यांनी दूधवाल्याला विचारलं, धोब्याला विचारलं, मला विचारलं. मी खोटं बोलू शकले नाही. "अजून नाही," म्हटलं.

दुपार झाली. दादांनी ताट सरकवून दिलं, गोळी मात्र मावशीनं कशीबशी घ्यायला लावली. मी आत जाऊन एका आजींची पाठ चोळत बसले. नजरेसमोर ते दृश्य नको होतं. इतक्यात बाहेरून मावशीची हाक आली. हाक कसली, किंकाळीच. मला वाटलं, फिट आली. स्पिरिटची बाटली हातात तशीच घेऊन मी धावले.

फाटकात भाऊ उभा होता. घामानं निथळत, धोतराला चिखल, आणि दोन्ही हात मनगटापर्यंत हळदीनं पिवळे. "सकाळीच शेकून टाकले खांदे," तो मला म्हणाला, पण बघत होता दादांकडे. "गाव हासून राह्यलं."

मग तो पुढे झाला. थोरल्या भावाच्या पाया पडला. उठला आणि त्यानं हात जोडले. हौदावर चादरी धुणारी बाई हातातली चादर तशीच घेऊन उभी राहिली होती. त्यानं घसा खाकरला आणि एका दमात बोलला, "दादा, आज आवतन घे. उद्या जेवाले येजो."

दादा बसूनच होते. त्यांनी भावाचे जोडलेले हात आपल्या हातांत धरले, नाकाशी नेले, वास घेतला. "तूप कमी लावलं," म्हणाले.

भाऊ मान हलवत राहिला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात दादांच्या हातात असल्यामुळे त्याला ते पुसता येत नव्हतं. मावशीनं पदराचा बोळा तोंडाशी धरला. मी म्हटलं, "दादा, ते काय म्हणतात? जाणार ना?"

दादांनी टोपी सरळ केली. आमच्या सगळ्यांकडे एकदा पाहिलं, मग भावाकडे, आणि मोठ्या घरच्या कर्त्या माणसानं बोलावं तसं सावकाश म्हणाले, "पाह्यतो. सवड भेटली त येतो."

भाऊ गोरामोरा झाला. मी पुढे होऊन काही बोलणार, तेवढ्यात दादा वाकले. दगडामागे हात घालून त्यांनी एक गाठोडं बाहेर काढलं. आत काय होतं ते नंतर छोट्या गाडीत मी पाहिलं. दिवाळीला भावानं आणलेली सगळी धोतरं होती, एकदाही न नेसलेली, आणि गाठोड्याची गाठ जुनी, सुटता सुटेना अशी घट्ट बसलेली होती.